मुका पेडल

आमच्या चर्चमध्ये माइक हातात घेतला की आधी मानाची नावं घ्यावी लागतात. पहिला देव, मग रेव्हरंड, मग त्यांची बायको, मग चर्चचा कारभार बघणारी डीकन मंडळी, मग पांढऱ्या टोप्या घालून पुढच्या बाकांवर बसणाऱ्या आम्ही म्हाताऱ्या, ज्यांना सगळे मदर म्हणतात, आणि सगळ्यात शेवटी ज्याने आपल्याला घडवलं त्याचं नाव. पुढे तुम्ही केकविक्रीची जाहिरात करणार असा की ऑपरेशनमधून वाचल्याची साक्ष देणार असा, नावं आधी. एखादं गाळलं की झालं कल्याण. डीकन पर्विसने एकदा विल्हेल्मिना टूल्सचं नाव गाळलं, तर त्या बाईने मरेपर्यंत तो ज्या दाराशी उभा असायचा त्या दारातून आत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दाराला जायला बर्फातून वळसा पडायचा, तो तिने घातला.

हे आधी सांगते, कारण गेल्या ऑक्टोबरात माझा धाकटा भाऊ रॉस्को टिलरी इथे, डेट्रॉइटच्या आमच्या माउंट नेबो चर्चमध्ये, माइक घेऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या मागे ऑर्गनवर बसले होते आणि एकाच नावाची वाट बघत होते. माझ्या.

रॉस्को टिलरी म्हटलं की जगात चार तऱ्हेचे लोक माना डोलावतात, आणि त्या चौघांचं आपसात अजिबात पटत नाही. सोल संगीतवाले म्हणतात तो आमचा. जॅझवाले म्हणतात तो आमचा होता, पैशासाठी बिघडला. नॅशव्हिलचे कंट्री गाणी गाणारे त्याला टोपी काढून सलाम करतात. आणि जर्मनीत कुठेतरी तारा आणि यंत्रं जोडून गाणी करणारी पोरं आहेत, ती त्याला आजोबा म्हणतात. ह्या सगळ्यांना त्याच्यात आवडते ती गोष्ट मात्र एकच. त्याच्या डाव्या हाताचा जाड, खर्जातला सूर ठोक्यावर पडत नाही, केसभर मागून येतो. मासिकवाल्यांनी त्याला 'टिलरीचा झोका' असं नाव दिलंय. त्याच्यावर कुणी तरी प्रबंधही लिहिलाय म्हणे.

तो झोका माझा आहे. म्हणजे खरं तर आमच्या गळक्या छपराचा आहे.

आमचा ऑर्गन चर्चने बंद पडलेल्या सिनेमा थिएटरकडून जुना घेतलेला. वर हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली पायाने दाबायचे लाकडी पेडल, जाड सुरांचे. छपरातून पाणी ठिबकायचं ते नेमकं डाव्या कोपऱ्यात, आणि त्यात एक पेडल मुका झाला. मुकाच म्हणायचे सगळे. गंमत अशी की आमच्या गायकांचे गळे ज्या पट्टीत बसतात त्या पट्टीचा पायाचा सूरच तो. ट्रस्टी मंडळींनी छपराखाली बादली ठेवली आणि काम झालं असं समजून घरी गेले. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. पायाने सूर निघत नाही तर मी तो डाव्या हाताच्या करंगळीने वाजवायला लागले. पण डावा हात आधीच वरच्या सुरांत गुंतलेला. तिथून सुटून करंगळी खाली पोचेपर्यंत ठोका पुढे निघून गेलेला असायचा. आई म्हणायची, "ओडेसा, तुझा तो सूर डीकन पर्विससारखा आहे बघ. येतो उशिरा, पण आला की बाक हलतो."

रॉस्को माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बाकावर माझ्या डाव्या मांडीला चिकटून बसायचा. त्याचे पाय पेडलपर्यंत पोचतच नव्हते. मी त्याची करंगळी माझ्या दोन बोटांत धरून ती कधी टाकायची ते शिकवलं. "आत्ता नाही. आत्ता नाही. हं, आता." वर्षभर हेच. मग एका रविवारी त्याने माझ्या आधी हात पुढे केला आणि तो सूर असा टाकला की माझ्याच अंगावर काटा आला. पोराचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी ते तेव्हाच ओळखलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी जळलेही.

एकोणिसाव्या वर्षी तो एका सोल बँडच्या गाडीत बसून गेला. स्टुडिओत धडधाकट ऑर्गन होता, सगळे पेडल बोलके होते, शिवाय जाड सुरांसाठी वेगळा गिटारवाला होता. तरी ह्याची करंगळी उशिराच पडली. रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, हे काय आहे? रॉस्को म्हणाला, हा मी आहे. ती तबकडी घराघरांत वाजली. आणि मग सगळे विचारायला लागले की हे तू शिकलास कुणाकडून.

पहिल्या मुलाखतीत तो म्हणाला की लहानपणी रात्री खिडकीतून पळून तो हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या गुत्त्यापाशी जायचा आणि आतल्या एका आंधळ्या पियानोवाल्याला ऐकायचा. त्या वयात अंधार पडला की रॉस्को एकटा मोरीत जायला घाबरायचा, माझा हात धरून जायचा. पुढे न्यू यॉर्कला जाऊन तो जॅझवाला झाला, दाढी राखली, पाईप ओढायला लागला, तर आंधळा बुवा गायब! आता त्याने तीन थोर वादकांची नावं सांगितली. तिघेही मेलेले, त्यामुळे नाही म्हणायला कुणी येणार नव्हतं. मध्ये काही वर्षं चमकत्या कपड्यांची डिस्कोची गेली, तेव्हा तो म्हणायचा की हा झोका म्हणजे प्रेमात पडलेल्या माणसाची छाती. मी ते वाचून हातातली कॉफी सांडली. नॅशव्हिलला गेल्यावर बूट आले, रुंद टोपी आली आणि अलाबामातल्या ओसरीवर बँजो वाजवणारा आजोबा आला. आमचा आजोबा लाकडाच्या गिरणीत होता. त्याची दोन बोटं करवतीत गेली होती, आणि वाजवणाऱ्या माणसांना तो ऐतखाऊ म्हणायचा. जर्मन पोरांना तर रॉस्कोने सांगितलं की मोटारींच्या कारखान्यात पत्रा दाबायचं यंत्र असायचं, त्याच्याकडून तो शिकला. कारखान्यात साहेब दोन पगारही टिकले नव्हते. नाकात धूळ जाते म्हणून घरी आले होते.

प्रत्येक नव्या गावात त्याला नवा बाप मिळाला. बहीण कुठेच लागली नाही.

पण एक कबूल करायला हवं. वाजवणं दर वेळी अस्सल होतं. मी त्याची एकूण एक तबकडी घेतली आहे, ती जर्मन किरकिरसुद्धा. सोल असो, जॅझ असो, सगळ्याच्या तळाशी मला माझी करंगळी ऐकू यायची. दवाखान्यात, किराणा दुकानात, दुसऱ्याच्या गाडीत. दुकानात रांगेत उभी असताना छताच्या भोंग्यातून आपलं बोट ऐकू येणं काय असतं, ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

एकदा मी फोनवर सरळ विचारलं, "रॉस्को, खरं सांगायला तुझं काय जातं?"

तो हसला. मला तो डेसच म्हणतो. "डेस, लोकांना चर्चमधली बहीण नको असते गं. चर्चमधली बहीण सगळ्यांनाच असते."

मी फोन आपटला. मग नाताळला त्याने कोट पाठवला. कोट चांगला होता. मी तो वापरला, आणि वापरताना दर वेळी चिडले.

आता ऑक्टोबरचं. रॉस्कोने चर्चला नवा कोरा ऑर्गन देणगी म्हणून दिला, आणि जुना एका संग्रहालयाने मागून घेतला. रॉस्को टिलरी ज्याच्यावर शिकला तो ऑर्गन, अशी पाटी लागणार होती. त्यासाठी व्हिटकोम नावाचा एक गोरा, अदबशीर माणूस ओहायोहून आला. हातमोजे घालून त्याने ऑर्गनचे फोटो काढले आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही ह्याची साफसफाई बघता का?" मी म्हटलं, "हो, आतून."

आदल्या दिवशी रॉस्को माझ्याकडे जेवला. मी कांद्याच्या रश्शातली कोंबडी, पालेभाजी आणि मक्याची पावरोटी केली होती. केस पांढरे झालेत त्याचे, पण बोटं अजून तरुण आहेत. माझी बघा, आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. नवा ऑर्गन आला की तो वाजवायला नवी माणसं येणार, हे मला रेव्हरंडनी फार गोड शब्दांत कळवलं होतं. म्हणजे उद्याचा रविवार माझा शेवटचा.

मी त्याच्या ताटात दुसऱ्यांदा कोंबडी वाढली आणि म्हटलं, "रॉस्को, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. उद्या मानाची नावं घेशील, तेव्हा माझं नाव घे. ज्याने घडवलं त्या जागी. ह्या लोकांसमोर, मी जिवंत असताना, एकदा."

"हे काय सांगायला लागतं का, डेस?" त्याने माझा हात हातात घेतला. "मी काय परका आहे?"

मी नवीन टोपी घेतली होती. लपवत नाही. जांभळी, जाळीची.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. एरवी ईस्टरलाच तोंड दाखवणारेही आले होते. आमच्याकडे कुणी बोलायला उभं राहिलं की ऑर्गनवाल्याने त्याच्या शब्दांखाली सूर धरायचा असतो. तो हळू बोलला की आपण हळू, तो चढला की आपण चढायचं. वक्ता पडला तर त्याला उचलायचं कामही ऑर्गनवाल्याचंच. आजवर किती कच्च्या उपदेशकांना मी असं उचलून घरी पोचवलंय ते देवाला ठाऊक. रॉस्को उभा राहिला आणि मी त्याच्याखाली सूर धरला.

नावं त्याने नीट घेतली. देव, रेव्हरंड थॅक्स्टन, त्यांची बायको, डीकन मंडळी. "आणि आमच्या सगळ्या मदर," तो म्हणाला. सगळ्या! बटाट्याचं पोतं उचलल्यासारखं. माझ्या शेजारच्या बाकावरची लव्हिनिया ब्रॉडनॅक्स माझ्याकडे बघून पुटपुटली, "थांब, तुझं शेवटी असेल." मलाही तेच वाटलं. शेवटची जागा अजून रिकामीच होती.

"आणि ज्याने मला घडवलं," रॉस्को म्हणाला, आणि वळून माझ्याकडे बघितलं. त्याचा हात वर आला आणि माझ्या डोक्यावरून पुढे गेला. "तो हा ऑर्गन!"

"सांग, ब्रदर, सांग!" लोक ओरडले.

मग तो सांगायला लागला. छपराची गळती, बादली, डावा कोपरा, मुका पेडल. अर्धं आयुष्य आंधळे बुवा आणि बँजोवाले आजोबा ऐकून मी थकले होते, आणि आता पहिल्यांदा तो खरं बोलत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातांनी सूर आपोआप चढवला. मी त्याला उचलत होते, आणि मनापासून उचलत होते.

"मी एवढासा पोरगा," रॉस्को म्हणाला. "शिकवायला कोणी नाही."

"कोणी नाही!" लोक म्हणाले.

"पाय पोचत नाहीत. पेडल मुका. मी रडलो. आणि मग देव माझ्या कानात बोलला. म्हणाला, रॉस्को, पाय नाही तर नाही, तुला मी करंगळी दिलीय!"

सगळं चर्च उभं राहिलं. लव्हिनिया तेवढी बसून होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली, ते मला जास्त लागलं. आंधळा बुवा परवडला असता. तो निदान खोटा होता. इथे ह्याने माझं छप्पर घेतलं, माझी बादली घेतली, माझं बोट घेतलं, आणि मला मधून पुसून टाकलं. आणि त्याच्या खाली सूर कोण धरत होतं? मीच.

"आणि तो पेडल आजही मुका आहे!" रॉस्को आता रंगात आला होता. "आजही! डेस, दाबून दाखव सगळ्यांना!"

आलं माझं नाव. कामाला लावण्यापुरतं.

आता हे फक्त मलाच माहीत होतं की पेडल मुका नव्हता. रॉस्को गेल्यानंतर थोड्याच वर्षांत माझी करंगळी सुजायला लागली. रात्री मी ती मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे. आईने ते बघितलं. त्या उन्हाळ्यात दर शुक्रवारी ती चर्चच्या तळघरात मासे तळून थाळ्या विकायला लागली. लोकांना वाटलं, मिशनसाठी. एका सोमवारी ती कारागिराला घेऊन आली आणि पेडल दुरुस्त करून घेतला. मला म्हणाली, "आता तुझ्या बोटाला सुट्टी दे, बाळ." मी पुढच्या रविवारी पायाने वाजवलं. सूर बरोबर ठोक्यावर आला आणि सगळे गायक गडबडले, कारण त्यांना उशिराची सवय झाली होती. त्यांना वाटलं, माझीच करंगळी चुकली. म्हणून मी पुन्हा करंगळीवर आले. आईला वाईट वाटू नये म्हणून ती समोर असली की अधूनमधून पाय नुसताच पेडलवर ठेवायचे. पेडल मुका तो मुकाच राहिला लोकांच्या लेखी. आई गेल्यावर तर कुणालाच काही माहीत नव्हतं.

पेडल न दाबणं सोपं होतं. पाय शेजारच्या जागेत टाकला असता तर काहीच वाजलं नसतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि भावाची लाज राहिली असती. अशी लाज मी जन्मभर राखली होती. त्या दिवशी नाही राखली. मी वरच्या पट्ट्यांवरून दोन्ही हात काढून घेतले, सगळं शांत होऊ दिलं, आणि टाच टेकवून पेडल दाबला.

तो बोलला. काय बोलला! खिडक्यांची तावदानं थरथरली. पुढच्या बाकाखालून तो सूर मागच्या भिंतीपर्यंत गेला. पाय काढलाच नाही मी. रॉस्कोचं तोंड उघडंच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगायला गोष्ट नव्हती. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि मला इतकं बरं वाटलं की देवाने त्याबद्दल मला शिक्षा केली तरी माझी तक्रार नाही.

शिक्षा लगेच झाली.

रेव्हरंड थॅक्स्टन खुर्चीतून उडालेच. "मुका बोलला!" ते ओरडले. "चर्च! मुका बोलू लागला! हा मुलगा घरी आला आणि मुका बोलू लागला!"

जो गदारोळ उठला तो मी आजवर बघितला नव्हता. डफ वाजायला लागले. ड्रमवाल्याने ठेका धरला. डीकन लोक नाचायला लागले. पांढऱ्या टोप्या उडाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन टाळत आलेली एक मदर मधल्या वाटेवरून धावत सुटली. लोक येऊन रॉस्कोला हात लावत होते, कुणी त्याच्या कोटाची बाही कपाळाला लावत होतं. आणि असा नाच उठला की ऑर्गनवाल्याला थांबता येत नाही. लोक देवासमोर नाचत असताना ऑर्गन बंद ठेवणं आम्हाला जन्मात जमायचं नाही. ते हातातच नाही आमच्या. मी वाजवायला लागले. सुजल्या बोटांनी, घामाघूम होऊन, भावाचा चमत्कार वाजवत राहिले. लोक दमले तेव्हाच थांबले.

नंतर तळघरात जेवण होतं. रॉस्को गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने मला मिठी मारली. "काय जमवलंस, डेस! आधी सांगायचंस तरी. मी क्षणभर मेलोच होतो."

त्याला खरंच वाटत होतं की मी ते त्याच्यासाठी केलं.

माझं डोकं फिरलं. मी त्याला भिंतीपाशी ओढलं आणि सगळं तोंडावर सांगितलं. "चमत्कार बिमत्कार काही नव्हता. तू गेलास, माझी करंगळी सुजली. आईने ह्याच तळघरात दर शुक्रवारी मासे तळले, थाळ्या विकल्या आणि तो पेडल दुरुस्त करून घेतला. माझ्यासाठी. तिचे हात तेलाने भाजलेले असायचे, रॉस्को. तू तेव्हा कुठे होतास?"

"आईने?" तो म्हणाला. "मासे तळून?" आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाटक नव्हतं ते. तो बाकावर माझ्या मांडीला चिकटून बसायचा तेव्हापासून मी त्याला ओळखते. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

तेवढ्यात व्हिटकोम केकची बशी घेऊन आला आणि संकोचून उभा राहिला. रॉस्कोने डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"तुमच्या पाटीवर हे यायला हवं," तो म्हणाला. "माझ्या आईने इथे, ह्याच जागी, मासे तळून विकले. हात भाजून घेतले. का, माहीत आहे? मी परत येईन तेव्हा मला पेडल बोलका मिळावा म्हणून."

व्हिटकोमचेही डोळे भरले. रॉस्कोने दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "विचारा माझ्या बहिणीला. ती साक्षीदार आहे."

ती गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. तेवढी एकच माझी उरली होती.